हसऱ्या गाण्याची हुरहूर

शाळेचे स्नेहसंमेलन चालू असते. पहिली-दुसरीतील मुलेमुली रंगीत कागदांचे पिसारे पाठीला बांधून रंगमंचावर उभी असतात. ध्वनिक्षेपकातून ‘नाच रे मोरा’ या गाण्याचे सूर उमटू लागतात आणि ते चिमुकले मोर नाचू लागतात. कोणाचा पिसारा सुटतो, कोणी उजवीकडे वळायचे ते डावीकडे वळतो, एखादा मोर तर नाचणे विसरून आपली आई कोठे बसली आहे हेच शोधू लागतो. प्रेक्षक खळखळून हसतात. अशा वेळी रंगमंचावरची दृष्टी काढून ती क्षणभर प्रेक्षकांकडे वळविली, तर एक नवल दिसते. मागच्या रांगांत बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींचे ओठ हलत असतात. त्यांना ते गाणे तोंडपाठ असते. त्यांची पावले नकळत ठेका धरीत असतात. आणि एखाद्या आजीबाई हसता हसताच पदराने डोळे टिपीत असतात.

गाणे तर आनंदाचे. त्यात पाऊस आहे, झाडे आहेत, नाचणारा मोर आहे. दुःखाचा एक शब्दही नाही. मग डोळे का भरावेत? शेजारी बसलेली नात विचारते, “आजी, तू रडतेस का गं?”

“छे गं, डोळ्यांत काहीतरी गेलं,” आजी सांगते.

हे उत्तर खरे नाही, हे नातीलाही कळते. पण खरे उत्तर एका वाक्यात देता येण्याजोगे नसते, आणि पुष्कळदा ते आजीलाही ठाऊक नसते.

आधी त्या गाण्याकडेच पाहावे. ‘नाच रे मोरा’ हे गाणे 1953 साली ‘देवबाप्पा’ या मराठी चित्रपटात आले. ते लिहिले ग. दि. माडगूळकरांनी, त्याला चाल लावली पु. ल. देशपांडे यांनी आणि ते गायिले आशा भोसले यांनी. माडगूळकर आणि देशपांडे हे दोघेही 1919 सालचे. म्हणजे हे गाणे झाले तेव्हा दोघांनीही तिशी ओलांडली होती. गायिका विशीच्या उंबरठ्यावर होत्या. लहान मुलांचे हे लाडके गाणे मोठ्या माणसांनी, आपले बालपण मागे टाकल्यानंतर, रचले आहे. ही गोष्ट वरवर साधी दिसते. पण बालगीतांमध्ये जो निर्मळ, निष्काळजी आनंद भरलेला असतो त्याचे मर्म थोडेसे येथेच आहे. पावसात भिजणारे मूल आपण आनंदी आहोत असे म्हणत बसत नाही; ते भिजते आणि मोकळे होते. तो आनंद किती मोठा होता हे कळते ते पुढे, भिजणे सुटल्यावर. कवी तो आनंद आठवून लिहितो. म्हणून मुलाला त्या गाण्यात आजचा पाऊस दिसतो आणि मोठ्याला कालचा.

अशा गाण्यांची घडणही पाहण्यासारखी असते. ओळी लहान, शब्द ओळखीचे, चाल सोपी आणि ठेका ठसठशीत. आपल्याकडील बहुतेक हलकीफुलकी गाणी आठ मात्रांच्या केरव्यात किंवा सहा मात्रांच्या दादऱ्यात बांधलेली असतात. हे ताल शिकावे लागत नाहीत. हात आपोआप टाळी देऊ लागतात. भरभर चालणाऱ्या माणसाची पावले सेकंदाला सुमारे दोन पडतात, आणि पुष्कळशा उत्साही गाण्यांचा ठेकाही याच गतीच्या आसपास असतो. त्यामुळे असे गाणे कानांवर पडताच ते ऐकण्यापुरते राहत नाही, पायांत उतरते. ज्याला अजून धड उभेही राहता येत नाही असे मूलसुद्धा ठेक्याचे गाणे ऐकून बसल्या जागी डुलू लागते. ढोलताशाचा आवाज आला की गंभीर चेहऱ्याचे गृहस्थही मान हलवू लागतात, हे गणेशोत्सवात कोणालाही पाहता येईल.

दुसरी खुबी ध्रुवपदाची. कडवे संपले की ध्रुवपद परत येणार, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. तो त्याची वाट पाहतो, आणि ते ठरल्या जागी येते. लहान मुले लपंडाव खेळतात तेव्हा लपलेला गडी कोठे आहे हे ठाऊक असूनही तो ‘भो’ करून बाहेर आला की त्यांना हसू फुटते. त्यातलाच हा प्रकार. कॅनडातील माँट्रियल येथील शास्त्रज्ञांनी 2011 साली याविषयीचे आपले संशोधन प्रसिद्ध केले. आवडते संगीत ऐकताना मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य स्रवते, आणि ते गाण्यातला सुखद क्षण येतो तेव्हाच नव्हे, तर तो क्षण येणार म्हणून मन वाट पाहत असते तेव्हाही स्रवते, असे त्यांना आढळले. भूक लागलेली असताना आवडीचा पदार्थ पुढे आला म्हणजे जे सुख होते, त्यातही याच द्रव्याचा हात असतो. म्हणून ओळखीचे गाणे पुन्हा पुन्हा ऐकण्याचा कंटाळा येत नाही. पुढे काय येणार हे ठाऊक असणे हाच त्यातला निम्मा आनंद.

गाणी लहान का असतात, याचे कारण मात्र यंत्रात आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गाणी लाखेच्या तबकडीवर मुद्रित करीत. ती तबकडी मिनिटाला 78 फेरे घेई आणि तिच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावत असे. गवयांना या बंधनाचा जाच वाटे; पण हलक्याफुलक्या गीतांना ते मानवले. पुढे तबकड्या सुधारल्या, फिती आल्या आणि गेल्या, तरी तीन-चार मिनिटांच्या गाण्याची सवय कानांना लागली ती लागलीच.

येथवर आनंदाचा उलगडा झाला. डोळ्यांतल्या पाण्याचा नाही.

त्यासाठी पुष्कळ दूर, युरोपातील स्वित्झर्लंड या डोंगराळ देशात जावे लागते. तेथील बाझल या नगरात 1688 साली योहान्स होफर नावाच्या एका तरुण वैद्यकीय विद्यार्थ्याने एक प्रबंध लिहिला. घरापासून दूर गेलेली माणसे घराच्या ओढीने आजारी पडतात, खातपीत नाहीत, झुरत जातात, असे त्याला दिसले होते. बर्न या गावाहून बाझलला शिकायला आलेल्या एका तरुणाची हकीकत त्याने दिली आहे. तो तरुण इतका खंगला की तो वाचत नाही असे सर्वांना वाटले. अखेरीस त्याला त्याच्या गावी पाठवायचे ठरले. गावाची वाट धरताच त्याला हुशारी वाटू लागली आणि तो बरा झाला. या व्याधीला होफरने घरी परतणे आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून ‘नोस्टाल्जिया’ असे नाव दिले.

त्या काळी स्वित्झर्लंडचे गरीब तरुण पोटासाठी परक्या राजांच्या सैन्यात चाकरी करीत. त्यांच्या डोंगरांत गुराखी गाईंना दूध काढण्यासाठी हाक घालताना एक धून गात. पुढे ज्यां-जाक रूसो या विख्यात लेखकाने 1768 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या संगीतकोशात असे नमूद केले, की ही धून ऐकताच स्विस सैनिकांना रडू कोसळे, ते सैन्य सोडून पळून जात किंवा झुरून मरत. म्हणून सैन्यात ती वाजविण्याची सक्त मनाई होती. त्यात थोडी अतिशयोक्ती असेलही. सैन्यातल्या गोष्टी सांगता सांगता वाढतात. परंतु रूसोने पुढे जे लिहिले आहे ते फार मार्मिक आहे. त्या सुरांमध्येच तसे काही सामर्थ्य होते म्हणावे, तर परक्या माणसावर त्यांचा काहीच परिणाम होत नसे. ती धून सैनिकांना रडवी, कारण तिच्याबरोबर त्यांचे डोंगर, त्यांचे तारुण्य आणि त्यांची जुनी राहणी त्यांच्यापुढे उभी राही. रूसोच्या मते तेथे संगीत हे संगीत म्हणून काम करीत नसून आठवणीची खूण म्हणून काम करीत होते.

गाय दोहण्याची धून ही काही शोकगीत नव्हे. तिने सैनिक रडले, आणि मोराच्या गाण्याने आजीचे डोळे भरले. दोहोंचे कारण एकच आहे. गाणे ज्या दिवसांत कानांवर पडले त्या दिवसांना ते चिकटून बसते, आणि पुन्हा वाजले की त्यांना बरोबर घेऊन येते. गाणे जितके आनंदी, तितके ते दिवसही लख्ख दिसतात. आणि जितके ते लख्ख दिसतात, तितके ते आता नाहीत हेही स्पष्ट कळते. हसू आणि पाणी एकदम येते ते यामुळे.

या भावनेला मराठीत अलीकडे ‘स्मरणरंजन’ असा शब्द रूढ झाला आहे. शब्द नेटका आहे, पण त्यात नुसते रंजन आहे, कळ नाही. घरोघरच्या बोलीतला ‘हुरहूर’ हा शब्द त्याहून जवळचा वाटतो. आणि हुरहुरीची जुनी मराठी गाणी पाहायची तर भोंडल्याकडे जावे. आश्विन महिन्यात पाटावर हत्ती काढून, त्याच्याभोवती फेर धरून मुली जी गाणी म्हणतात, ती चालीने खेळकर, शब्दांनी गमतीची असतात. खिरापतीत काय आहे हे ओळखण्याची तर सर्वांनाच घाई असते. कोठे याला हादगा म्हणतात. लहान वयात लग्न होऊन सासरी गेलेल्या मागच्या पिढ्यांतील मुलींना हीच गाणी पुढे आयुष्यभर माहेर दाखवीत. फेरात धावताना मुलीला माहेर हा शब्द केवळ गाण्यातला शब्द वाटे. त्याचा अर्थ तिला कळे तो सासरच्या अंगणात तीच चाल गुणगुणताना.

हे सर्व मेंदूत कसे घडते, याचाही थोडा उलगडा झाला आहे. गाण्याचे सूर, शब्द, ठेका आणि ते ऐकतानाचा प्रसंग यांची नोंद मेंदूच्या एकाच कप्प्यात होत नाही. कान जे ऐकतात ते एका भागात, पाय जो ठेका धरतात तो दुसऱ्यात, प्रसंगाची आठवण तिसऱ्यात अशी ती विखुरलेली असते. यांपैकी एक धागा ओढला की बाकीचे धागेही ताणले जातात. कॅलिफोर्नियातील पीटर जनाटा या शास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना त्यांच्या लहानपणची लोकप्रिय गाणी ऐकविली आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचे निरीक्षण केले. गाण्याबरोबर स्वतःच्या आयुष्यातली आठवण जागी झाली की कपाळाच्या मागे असलेला मेंदूचा एक भाग विशेष क्रियाशील होतो, असे त्याने 2009 साली दाखवून दिले.

आणखी एक गोष्ट संशोधकांच्या ध्यानात आली आहे. उतारवयातील माणसांना त्यांच्या आवडीच्या गाण्यांविषयी विचारले, तर बहुतेक जण दहाव्या-बाराव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत ऐकलेल्या गाण्यांची नावे घेतात. त्याच वयात मित्र मिळतात, घराबाहेरचे जग दिसू लागते, पुष्कळ गोष्टी प्रथमच घडतात. त्यांच्या सोबतीला जी गाणी असतात ती मनात घर करतात. म्हणजे जी मुले आज सहावी-सातवीत आहेत, त्यांची ही शिदोरी आताच बांधली जात आहे. सहलीच्या गाडीत मागच्या बाकांवरून ओरडून म्हटलेले एखादे गाणे, जे ऐकून बरोबरचे गुरुजी कपाळाला हात लावतात, तेच कदाचित चाळीस वर्षांनी त्यांच्यापैकी कोणाचे तरी डोळे ओले करील.

यावरून एका जुन्या भांडणाचाही निकाल लावता येतो. ‘आमच्या वेळची गाणी ती गाणी, हल्लीचा नुसता गोंगाट!’ असे आजोबा म्हणतात. त्यांच्या वडिलांनीही आजोबांच्या गाण्यांविषयी हेच म्हटले होते. चित्रपटगीतांनी अभिरुची बिघडते अशी समजूत तेव्हा थोरामोठ्यांतही होती, आणि आकाशवाणीने 1952 च्या सुमारास आपल्या कार्यक्रमांतील चित्रपटगीतांना चांगलीच कात्री लावली. श्रोत्यांनी काय केले? त्यांनी रेडिओची खुंटी पिळून सिलोनचे केंद्र लावले. त्या केंद्रावर अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ दर बुधवारी रात्री लागे, आणि ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता ते शेजाऱ्यांच्या ओसरीवर किंवा हॉटेलाच्या दारात उभे राहून ती ऐकत. अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी आकाशवाणीनेच ‘विविध भारती’ सुरू केली आणि चित्रपटगीते पुन्हा मानाने घरात आली. ज्या गाण्यांना तेव्हा उथळ म्हटले गेले, त्यांतील कितीतरी आज अभिजात म्हणून गौरविली जातात. आजोबा खोटे बोलत नाहीत. त्यांना त्यांची गाणी खरोखरच अधिक गोड लागतात. फक्त त्या गोडीत गाण्याचा वाटा किती आणि आजोबांच्या बाराव्या वर्षाचा किती, हे त्यांना वेगळे काढून दाखविता येत नाही.

त्या काळच्या ऐकण्यात एक विशेष मात्र होता. रेडिओ एक आणि ऐकणारे अनेक. गाणे लागले की ते साऱ्या वाड्याला, साऱ्या आळीला एकाच वेळी ऐकू जाई. स्वयंपाकघरात पोळ्या लाटणारी आई, अंगणात सागरगोटे खेळणाऱ्या मुली आणि जिन्यावर दाढी करीत बसलेले काका यांचे एकच गाणे होई. त्यामुळे पुढे ते वाजले की एकट्याची आठवण येत नाही, माणसांसह सगळा वाडाच येतो. कानांत बोंडे घालून आपापल्या मोबाइलवर गाणी ऐकणाऱ्या मुलांना हे सुख थोडे कमी मिळते, असे म्हटले तर ती केवळ म्हाताऱ्यांची कुरकूर ठरू नये. कारण आठवण सांगायला आणि ‘हो, मलाही आठवते’ असे म्हणायला दुसरे कोणी लागते.

तथापि या आठवणींवर डोळे मिटून विश्वास ठेवणेही बरे नाही. 1953 साली जग काही निष्काळजी नव्हते. स्वातंत्र्य मिळून सहाच वर्षे झाली होती. युद्धकाळापासून चालत आलेली धान्यावरची नियंत्रणे तेव्हा कोठे उठू लागली होती. पुष्कळ घरांत रॉकेलच्या दिव्यावर अभ्यास होई. अशा दिवसांतल्या गाण्याने आजीला पाऊस आठवतो, मैत्रिणी आठवतात. धान्याच्या दुकानापुढची रांग आठवत नाही. रांगेत तिची आई उभी राहत असे. मुलांच्या निष्काळजी आनंदासाठी घरातले कोणीतरी काळजी वाहत असते, आणि हसऱ्या गाण्यात ते माणूस दिसत नाही. कदाचित आजीला पुढे, स्वतः आई झाल्यावर, ते दिसू लागले असेल. तिच्या डोळ्यांतल्या पाण्यात त्याचाही अंश असू शकतो.

गाण्याची ही पकड किती घट्ट असते, हे वृद्धांच्या स्मृतिभ्रंशाच्या विकारात दिसून येते. या विकाराने माणूस हळूहळू सारे विसरत जातो. सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही. पुढे मुलांची नावे आठवत नाहीत. परंतु लहानपणचे गाणे लावले, तर अशा रोग्यांपैकी काही जण ते शब्दांसह म्हणू लागतात, टाळी धरतात, क्षणभर पूर्वीसारखे दिसतात. गाण्याने रोग बरा होत नाही. तरीही काही वृद्धसेवागृहांत त्यांच्या ओळखीची गाणी मुद्दाम लावतात, कारण तेवढा वेळ त्यांची भीती कमी होते आणि जवळच्या माणसांना त्यांचा हात धरून त्यांच्याबरोबर गाता येते.

संमेलनातले गाणे एव्हाना संपत आलेले असते. मोर वाकून नमस्कार करतात. ज्याचा पिसारा सुटला होता तो तर दोनदा करतो. टाळ्या पडतात, दिवे लागतात, खुर्च्यांचा आवाज होतो. घरी जाताना नात आजीचे बोट धरून चालत असते. तिने आपला प्रश्न सोडलेला नसतो.

“आजी, तू हे गाणं पहिल्यांदा कुठं ऐकलंस?”

आजी थोडा वेळ काही बोलत नाही. मग तिची चाल मंद होते.

“आमच्या वाड्यात एकच रेडिओ होता बघ,” ती सांगू लागते, “वरच्या मजल्यावरच्या काकूंकडं. पाऊस आला की त्या खिडकी लावून घ्यायच्या, आणि मग आम्ही सगळ्या पोरी जिन्यात…”